‘जपानमध्ये तरी जात नसेल ना?’ – पालेगाव ते वरळी, एका अभ्यास सहलीतून

आम्ही पालेगाव आणि अंबरनाथ पूर्व परिसरात बौद्ध तरुणांसोबत काम करतो. वंदना, वाचनवर्ग, स्पर्धा परीक्षेचे मार्गदर्शन, एप्रिलमध्ये जयंती, असे वर्षभर काही ना काही चालू असते. मागच्या हिवाळ्यात मुलांनीच विषय काढला की दरवर्षी आपण ६ डिसेंबरला गर्दीतून चैत्यभूमीला जातो आणि गर्दीतूनच परत येतो. मुंबईतली आपली ठिकाणे कधी निवांत पाहिलीच नाहीत. वरळीला एक जपानी बुद्ध विहार आहे, तेही कोणी आतून पाहिलेले नव्हते. म्हणून एक रविवार ठरवला. राजगृह, चैत्यभूमी, वरळीचे जपानी विहार, बीडीडी चाळी, नायर रुग्णालयातले आनंद विहार आणि शेवटी फोर्टमधले सिद्धार्थ महाविद्यालय, असा एका दिवसाचा मार्ग आखला.

सकाळच्या लोकलमध्ये आम्ही तेवीस जण होतो. त्यात कॉलेजची मुले-मुली होती, एमआयडीसीत काम करणारे काही जण होते आणि एक आजी होत्या. आजींचे लहानपण वरळीच्या बीडीडी चाळीत गेले. १९८२ च्या गिरणी संपानंतर घर चालेना म्हणून अनेक कुटुंबांप्रमाणे त्यांचेही कुटुंब कल्याणच्या पुढे सरकत अंबरनाथला आले.

उल्हासनगर मागे गेले तेव्हा आमच्यातल्या एका मुलाने विचारले, “दादा, जपानमध्ये तर सगळे बौद्धच. मग तिकडे तरी जात नसेल ना?”

त्याने हे सहज विचारलेले नव्हते. महिनाभरापूर्वी त्याचे लग्न जुळत आले होते. मुलीकडचेही बौद्ध. घरात बाबासाहेब आणि तथागतांची प्रतिमा, दारावर पंचशील ध्वज. सगळे पसंत पडले आणि मग मुलीच्या काकांनी विचारले, “तुमचे मूळ कोणते?” मुलाच्या आजोबांनी धम्म स्वीकारण्यापूर्वीची जात वेगळी होती. बोलणी तिथेच थांबली. दोन्ही घरांत त्रिशरण पंचशील म्हटले जाते, तरी असे झाले.

त्याला तिथल्या तिथे ‘नाही रे, जपानमध्ये जात नाही’ असे सांगून मोकळे होणे सोपे होते. पण ते खरे नाही. खरे उत्तर देण्यासाठी तो सगळा दिवस आणि त्यानंतरचे बरेच वाचन उपयोगी पडले. तेच इथे मांडत आहोत.

राजगृह आणि चैत्यभूमी

दादरला उतरून आधी पूर्वेला हिंदू कॉलनीत गेलो. बाबासाहेबांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बांधलेले राजगृह हे घर म्हणजे मुळात ग्रंथालय. पन्नास हजारांवर पुस्तके त्यांनी इथे जमवली. राहायला जागा हवी म्हणून लोक घर बांधतात, बाबासाहेबांनी पुस्तकांना जागा हवी म्हणून बांधले. हे वाक्य आपण भाषणात अनेकदा ऐकतो, पण त्या इमारतीसमोर उभे राहिल्यावर त्याचा अर्थ कळतो.

तिथून पश्चिमेला चैत्यभूमी. ७ डिसेंबर १९५६ रोजी जिथे बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले, तिथे भैय्यासाहेब आंबेडकरांच्या पुढाकाराने स्तूप उभा राहिला आणि ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताई आंबेडकरांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. तोरणद्वार सांचीच्या धर्तीवर आहे, समोर अशोकस्तंभाची प्रतिकृती आहे. गर्दी नसताना या गोष्टी दिसतात. मुलांना आम्ही एवढेच सांगितले की हा स्तूप सरकारने दिलेला नाही, गोरगरीब समाजाच्या वर्गणीतून आणि श्रमातून आलेला आहे. पुढच्या विहारात गेल्यावर ही गोष्ट लक्षात ठेवा.

वरळीचे विहार कोणी बांधले?

वरळीत डॉ. ॲनी बेझंट मार्गावर ‘निप्पोनझान म्योहोजी’ या संघाचे विहार आहे. रस्त्यावर वाहनांचा गोंगाट, आत गेले की शांतता. वेदीवर बुद्धमूर्ती, भिंतींवर बुद्धचरित्रातील प्रसंगांची चित्रे आणि बाजूला मोठा ढोल. जपानी भिक्खू सकाळ-संध्याकाळ हा ढोल वाजवत ‘ना मु म्यो हो रेन गे क्यो’ हा घोष करतात. हातात धरायचा, पंख्याच्या आकाराचा छोटा ढोलही असतो. तो घेऊन या संघाचे भिक्खू जगभर शांतीयात्रा काढतात.

आमच्या मुलांना आधी हे अवघड गेले. आपल्याकडे पाली भाषेत बुद्ध वंदना असते, इथे ढोल आणि जपानी शब्द. म्हणून थोडे समजावून सांगावे लागले. ‘म्योहो रेंगे क्यो’ म्हणजे ‘सद्धर्मपुंडरीक सूत्र’ या ग्रंथाचे जपानी नाव. ‘नामु’ म्हणजे आपला ‘नमो’. हे महायान परंपरेतले संस्कृत सूत्र. ते भारतातून मध्य आशिया, चीन असे करत जपानला पोचले. तेराव्या शतकात निचिरेन नावाच्या भिक्खूने (१२२२–१२८२) याच सूत्राला आपल्या शिकवणीचे केंद्र बनवले. त्याच परंपरेतले निचिदात्सु फुजी (१८८५–१९८५) यांनी विसाव्या शतकात निप्पोनझान म्योहोजी संघ स्थापन केला.

बुद्धाचा धम्म त्याच्या जन्मभूमीला परत द्यायचा, या संकल्पाने फुजी १९३१ मध्ये भारतात आले. १९३३ मध्ये ते वर्ध्याला गांधीजींना भेटले. त्यांचा घोष पुढे गांधीजींच्या आश्रमातल्या प्रार्थनेत म्हटला जाऊ लागला. मुंबईत या संघाचे काम १९३० च्या दशकात सुरू झाले. वरळीची आजची वास्तू १९५० च्या दशकातली आहे आणि तिच्यामागे उद्योगपती बिर्ला कुटुंबाची मदत होती. हिरोशिमा-नागासाकीनंतर फुजींनी शांतीस्तूप उभारण्याचे काम हाती घेतले. राजगीरचा विश्वशांती स्तूप (१९६९), ओडिशातला धौलीचा स्तूप (१९७२) आणि आपल्या वर्ध्याचा विश्वशांती स्तूप (१९९३) ही त्याच संघाची कामे आहेत.

एकाच काळातले दोन प्रवाह

इथे चळवळीतल्या तरुणांनी तारखा शेजारी-शेजारी ठेवून पाहाव्यात. पुणे करार २४ सप्टेंबर १९३२ चा. फुजी आणि गांधीजींची भेट १९३३ ची. येवल्याला बाबासाहेबांनी ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ हे जाहीर केले ते १३ ऑक्टोबर १९३५ रोजी. म्हणजे महाराष्ट्रात बुद्ध दोन वाटांनी परत येत होता. एक वाट आश्रम, उद्योगपतींचे दान आणि परदेशी भिक्खू यांची. या वाटेवरच्या बऱ्याच दानशूरांना बौद्ध धम्म हा हिंदू धर्माचीच एक शाखा वाटत होता. जुगल किशोर बिर्ला हिंदू संघटनांना आणि बौद्ध विहारांना एकाच हाताने मदत करत ते याच समजुतीतून. दुसरी वाट बाबासाहेबांची. तिने जातिव्यवस्थेला नकार दिला, २२ प्रतिज्ञा दिल्या आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो माणसांना उभे केले.

याचा अर्थ वरळीचे विहार परके आहे असा आम्ही लावत नाही. फुजींच्या भिक्खूंनीही सोसले आहे. १९४१ च्या डिसेंबरमध्ये जपान युद्धात उतरल्यावर इंग्रज सरकारने भारतातल्या जपानी नागरिकांना पकडून छावण्यांत डांबले, त्यात सेवाग्राम आश्रमात राहणारा या संघाचा भिक्खूही होता. मुद्दा एवढाच की कुठल्याही विहारात पाऊल ठेवताना ते कोणत्या वाटेने आले हे माहीत असावे. त्यामुळे आदर कमी होत नाही, समज वाढते.

या विहारातून उचलण्यासारखीही एक गोष्ट आहे. सद्धर्मपुंडरीक सूत्रात सदापरिभूत नावाच्या बोधिसत्त्वाची कथा येते. तो भेटेल त्या प्रत्येकाला हात जोडून वाकायचा आणि सांगायचा की तुम्हीही बुद्ध होणार आहात, मी तुम्हाला कमी लेखत नाही. लोक त्याला हसायचे, दगड मारायचे, तरी तो दुरून पुन्हा वाकायचा. या संघाचे भिक्खू समोरच्या माणसाला वाकून वंदन करतात त्यामागे हीच कथा आहे. विहारातून निघताना आजी म्हणाल्या, “आमच्या सासूला गावात वाटेवर माणूस आला की बाजूला व्हावं लागायचं. आणि हे भन्ते आपल्यालाच वाकतात.” त्यावर कोणी काही बोलले नाही.

कापूस, गिरण्या आणि बीडीडी चाळ

विहारातून आम्ही चालत बीडीडी चाळींकडे गेलो. वाटेत एका मुलीने विचारले, “पण जपानी माणसे मुंबईत आलीच कशाला?”

उत्तर कापसात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जपानच्या सूतगिरण्यांना भारतीय कापूस हवा होता. १८९३ मध्ये जमशेटजी टाटांच्या सहकार्याने ‘निप्पॉन युसेन’ या जपानी कंपनीची मुंबई ते जपान बोट सुरू झाली. त्यानंतर व्यापारी आले, बँकवाले आले. आणि त्याच बोटींच्या काळात जपानच्या क्युशू बेटावरच्या अत्यंत गरीब घरांतल्या मुलीही आणल्या गेल्या. त्यांना ‘कारायुकी-सान’ म्हणत. आग्नेय आशियातल्या अनेक बंदरांप्रमाणे मुंबईतल्या कामाठीपुरा भागातही त्यांना देहविक्रयात ढकलले गेले. वरळीत जपानी लोकांची जुनी स्मशानभूमी आहे. मायदेशी परत जाऊ न शकलेल्या जपानी माणसांची आठवण तिथे जपली आहे, त्यात या स्त्रियाही आहेत. पर्यटनाच्या यादीत हे ठिकाण नसते, पण बौद्ध तरुणांनी ते माहीत करून घ्यावे.

तोच कापूस मुंबईच्या गिरण्यांतही जात होता. तिथे काय होते? विणकाम खात्यात पगार जास्त, पण आपल्या माणसांना त्या खात्यात प्रवेश नाही. धोट्यातली कांडी बदलताना धागा तोंडाने ओढावा लागे आणि ‘अस्पृश्याच्या’ तोंडाला लागलेला धागा सवर्ण कामगार घ्यायला तयार नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. सगळे कामगार, सगळे शोषित, तरी जात यंत्रापर्यंत पोचलेली.

बीडीडी म्हणजे ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’. १९२० च्या दशकात सरकारने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी बांधल्या, त्यातल्या १२१ एकट्या वरळीत. १९७४ च्या जानेवारीत इथे दलित पँथरच्या सभेनंतर दंगल उसळली आणि १० जानेवारीला मोर्चात भागवत जाधव शहीद झाले. आता इथे पुनर्विकासाचे टॉवर उभे राहात आहेत. आजींना आपली चाळ कोणत्या बाजूला होती ते चटकन सापडेना. त्या एवढेच म्हणाल्या, “जपानी देवळातला ढोल आम्हाला लहानपणी माहीत होता. पण आत जायचं कुणाला सुचलं नाही.”

मग जपानमध्ये जात आहे का?

जपानमध्ये आपल्यासारखी हजारो जातींची उतरंड नाही. पण ‘बुराकू’ नावाने ओळखला जाणारा समाज आहे. शतकानुशतके मेलेली जनावरे ओढणे, कातडी कमावणे, कत्तलखान्यात काम करणे, फाशीची शिक्षा अंमलात आणणे ही कामे त्यांच्यावर लादली गेली. त्यांच्या वस्त्या वेगळ्या ठेवल्या गेल्या. वंश तोच, भाषा तीच, धर्मही तोच, फक्त जन्म ‘त्या’ वस्तीतला. वाचून आपले गाव आठवले नाही तर नवल.

आणि विहारे काय करत होती? हे आपण डोळे उघडे ठेवून वाचले पाहिजे. सतराव्या शतकापासून जपानी सत्तेने प्रत्येक कुटुंबाला कुठल्यातरी बौद्ध विहारात नाव नोंदवण्याची सक्ती केली. कोण कुठल्या वस्तीतला, कोणाच्या पोटचा, याचा हिशेब त्यामुळे विहारांच्या नोंदवहीत आला. बुराकू लोकांसाठी अनेक ठिकाणी वेगळी विहारे ठेवली गेली. जपानमध्ये माणूस मरण पावल्यावर विहार त्याला धम्मनाम देते आणि ते थडग्याच्या दगडावर कोरले जाते. बुराकू माणसांना दिलेल्या काही धम्मनामांत पशू, कातडे, नोकर अशा अर्थांची चिन्हे घातलेली आढळली. काही नावांत ‘सेंदारा’ हा शब्द होता.

हा ‘सेंदारा’ शब्द जपानी नाही. तो आपल्या ‘चांडाल’ शब्दाचा जपानी उच्चार आहे. बौद्ध ग्रंथांसोबत धम्म भारतातून जपानला गेला, तेव्हा त्याच ग्रंथांच्या पानांतून हा शब्दही गेला.

पण याच शब्दाची दुसरी बाजूही आहे. निचिरेन, ज्यांच्या परंपरेतले वरळीचे विहार आहे, मासेमार वस्तीत जन्मले. १२७२ मध्ये सादो बेटावर हद्दपारीत असताना लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्वतःला चांडाल कुळातला म्हटले आहे. राजधानीतल्या उच्चकुलीन भिक्खूंसमोर त्यांनी आपला जन्म लपवला नाही. एकाच देशात, एकाच धम्मात, एकाने तो शब्द ताठ मानेने स्वतःसाठी वापरला आणि नंतरच्यांनी तोच दुसऱ्याच्या थडग्यावर अपमान म्हणून कोरला. धम्म असणे पुरेसे नसते. धम्म कोणाच्या हातात आहे आणि तो कशासाठी वापरला जातो, यावर सगळे ठरते.

१८७१ मध्ये जपान सरकारने ही हीन दर्जाची नावे कायद्याने रद्द केली. भेद मात्र गेला नाही. ३ मार्च १९२२ रोजी क्योटोमध्ये बुराकू तरुणांनी ‘सुइहेइशा’ ही संघटना काढली. नावाचा अर्थ साधारण ‘समतल करणाऱ्यांचा संघ’. दोनच वर्षांनी, जुलै १९२४ मध्ये, मुंबईत बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. सुइहेइशाच्या संस्थापकांपैकी साइको मानकिची हे स्वतः एका बौद्ध विहाराच्या पुरोहिताचे चिरंजीव होते. संघटनेने सुरुवातीलाच होंगानजी या बलाढ्य विहारांना बजावले की पुढची वीस वर्षे आमच्याकडून दान मागू नका. धम्म सोडला नाही, पण धम्माच्या नावाने चाललेला भेद मान्य केला नाही.

अगदी अलीकडची दोन उदाहरणे. १९७५ मध्ये उघडकीस आले की बुराकू वस्त्यांची नावे-पत्ते असलेली पुस्तके कंपन्यांना चोरून विकली जात होती. नोकरीला आलेल्या उमेदवाराचे मूळ गाव या यादीत आहे का, हे पाहून नकार दिला जाई. लग्न ठरवण्याआधी गुप्तहेरांकडून चौकशी करून घेण्याची रीतही होती. दुसरे उदाहरण १९७९ चे. अमेरिकेत भरलेल्या एका जागतिक धर्मपरिषदेत जपानच्या सोतो झेन पंथाच्या वरिष्ठ धर्मगुरूंनी सांगितले की जपानमध्ये असा भेदभाव नाही. बुराकू मुक्ती संघटनेने याला कडाडून विरोध केला. पंथाला माफी मागावी लागली. त्यानंतर अनेक पंथांनी आपल्या नोंदवह्या आणि थडगी तपासली, अपमानकारक नावे शोधून बदलली आणि मानवी हक्कांचे विभाग सुरू केले. आपली चूक शोधून मान्य करण्याचे हे काम आपणही शिकण्यासारखे आहे.

जपानशी आपले नाते

हे सगळे वाचून कोणी जपानी बौद्धांकडे पाठ फिरवू नये. निचिदात्सु फुजींच्या राजगीरच्या कामाशी जोडलेले भदंत सुरई ससाई १९६० च्या दशकाच्या अखेरीस नागपूरला आले आणि आपल्या समाजातलेच झाले. इंदोऱ्याच्या विहारातून त्यांनी धम्मदीक्षेचे काम वाढवले, १९९२ पासून बोधगया महाबोधी महाविहार मुक्तीचा लढा लढवला. कामठीचे ड्रॅगन पॅलेस १९९९ मध्ये जपानच्या ओगावा सोसायटीच्या मदतीने उभे राहिले. १० सप्टेंबर २०१५ रोजी जपानच्या कोयासान विद्यापीठात बाबासाहेबांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. बुराकू चळवळीच्या पुढाकाराने १९८८ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय वंशभेदविरोधी मंचाने दलितांचा प्रश्नही जगासमोर मांडला.

एवढेच म्हणायचे आहे की जपानकडे फक्त मूर्ती आणि देणगी देणारा श्रीमंत बौद्ध देश म्हणून पाहू नका. तिथे आपल्यासारखेच लढलेले लोकही आहेत. मूर्ती मिळाली तर आनंदाने घ्यावी, पण त्या लढ्याची माहिती आधी घ्यावी.

परतीचा प्रवास

दुपारनंतर मुंबई सेंट्रलला नायर रुग्णालयातले आनंद विहार पाहिले. डॉ. ए. एल. नायर यांनी १९२० च्या दशकात मुंबईत बौद्ध विचार रुजवण्याचे काम केले, धर्मानंद कोसंबींसारखे विद्वान त्यात सोबत होते. दवाखान्याच्या आवारात विहार, ही कल्पनाच मुलांना आवडली. शेवटी फोर्टमध्ये सिद्धार्थ महाविद्यालयाच्या ‘आनंद भवन’ आणि ‘बुद्ध भवन’ या इमारती बाहेरून पाहिल्या. पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ ची, महाविद्यालय १९४६ चे. म्हणजे धम्मदीक्षेच्या दहा वर्षे आधीच बाबासाहेबांनी आपल्या कॉलेजला हे नाव दिले होते.

सीएसएमटीहून बसायला जागा मिळाली. त्या मुलाला आम्ही जे सांगितले ते थोडक्यात असे.

जातीचा दाखला आणि लग्नातला ‘मूळ कोणते’ हा प्रश्न, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. १९९० मध्ये कायदा बदलून बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या. त्यासाठी कागदावर मूळ जात लिहावी लागते, कारण ज्या अन्यायाची भरपाई करायची त्याची नोंद हवी. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण तोच प्रश्न सोयरीक जुळवताना विचारला की कागदावरची नोंद भेदाचे हत्यार होते. जपानमध्ये वस्त्यांची यादी विकणाऱ्यांनी हेच केले. आपल्याकडे यादी विकत घ्यावी लागत नाही, काका-मामा तोंडपाठ सांगतात.

तो मुलगा म्हणाला, “म्हणजे प्रश्न जपानचा नाही, आपल्या घरचा आहे.” आजी खिडकीपाशी होत्या. त्या म्हणाल्या, “मग तुझ्या आईला आणि त्या पोरीच्या आईला एकत्र बसव. मी येते.” ते लग्न होईल की नाही ते आज आम्हाला माहीत नाही. पण आजी खरोखर दोन्ही घरी जाऊन आल्या आहेत आणि थांबलेली बोलणी पुन्हा सुरू झाली आहेत.

या सहलीनंतर आम्ही आमच्या गटात तीन गोष्टी ठरवल्या. आमच्याकडे येणाऱ्या वधू-वर परिचयपत्रात ‘पोटजात’ हा रकाना राहणार नाही. वाचनवर्गात दर महिन्याला इतर देशांतल्या बौद्ध समाजावर एक सत्र होईल, चांगल्या-वाईट दोन्ही बाजूंसह. आणि अशी सहल दरवर्षी निघेल.

तुम्हालाही अशी सहल काढायची असेल तर ती एका दिवसात होते. दादर पूर्व, दादर पश्चिम, वरळी, मुंबई सेंट्रल, फोर्ट हा क्रम ठेवला तर उलटे फिरावे लागत नाही. प्रत्येक ठिकाणची वेळ आणि परवानगी आधी विचारून घ्या. जपानी विहारात चपला बाहेर, मोबाईल बंद, घोष चालू असेल तर शांत बसा. फोटो विचारल्याशिवाय नको. प्रत्येक मुलाला एक ठिकाण वाटून द्या, त्याने आधी वाचून यावे आणि तिथे दहा मिनिटे बोलावे. सोबत किमान एक आजी किंवा आजोबा असू द्या, कारण बऱ्याच गोष्टी पुस्तकात नाहीत, त्यांच्याकडे आहेत.

आणि निघण्यापूर्वी प्रत्येकाला एक प्रश्न विचारा. आपल्या घरात शेवटची सोयरीक ठरली तेव्हा ‘मूळ कोणते’ हे कोणी विचारले होते का? त्याचे खरे उत्तर मनात ठेवून मग वरळीच्या त्या वाकणाऱ्या भिक्खूसमोर उभे राहा.

जय भीम! नमो बुद्धाय!